बबनकाकांचा डिपर

"हनुवटी लई बारीक झालीय तुजी. जेवतीस का न्हाई?"

रविवारी सकाळी हे वाक्य भिंतीपलीकडून आलं तेव्हा मी चहा गाळत होते. पलीकडे बबनकाका राहतात. लेकीची तब्येत हनुवटीवरून ओळखणारा बाप मी तोवर पाहिला नव्हता. तेवढ्यात आईने वाटीभर शिरा देऊन मला तिकडे पिटाळलं, त्यामुळे पाहायलाही मिळाला.

काका लॅपटॉपसमोर ताठ बसले होते. दोन्ही हात पुढे, स्टिअरिंग धरल्यासारखे. स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली होती, एकीखाली एक, अगदी सरळ रेषेत. उरलेल्या अर्ध्यात त्यांची मुलगी वैशूताई दिसत होती. म्हणजे तिची हनुवटी, मंगळसूत्र आणि मांडीवरच्या दुपट्यातून बाहेर आलेलं एक चिमुकलं पाऊल. वैशूताई परदेशात असते. तिला नुकतीच मुलगी झाली होती.

"आई कुठाय?" हनुवटीने विचारलं.

"आई व्हय? देवळात गेलीय."

"मागच्या रविवारी पण देवळातच होती."

"मागच्या रविवारी महादेवाच्या. आज मारुतीच्या."

सुमनकाकी स्वयंपाकघरात दाराआड, पाठ फिरवून बसल्या होत्या. डोळ्यांवर पदर. त्यांनी मला हाताने खूण केली, बोलू नकोस. ती खूण वाया गेली. मी एरवी तरी कुठे बोलते?

काकींच्या डोळ्यांना काही महिन्यांपासून उजेड सोसत नव्हता. त्रास हळूहळू उतरेल, तोवर प्रखर उजेडाकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात दिवसासुद्धा पडदे ओढलेले असायचे. आणि त्या अंधारात हा लॅपटॉप लग्नाच्या मांडवातल्या हॅलोजनसारखा पेटायचा. उजेड कमी करायचं बटण दाबलं की स्क्रीनवर एक छोटी पट्टी यायची, आज्ञाधारकपणे खाली सरकायची, आणि उजेड होता तेवढाच राहायचा.

"काटा हलतोय, गाडी हलत न्हाई," काका म्हणायचे.

बाळंतिणीच्या जिवाला घोर नको म्हणून डोळ्यांचं तिला सांगायचं नव्हतं. म्हणून देऊळ. पण पुढच्या रविवारी बाळाचं बारसं होतं, ते इथून बघायचं होतं, आणि नातीच्या बारशाला आजी देवळात गेलीय हे कोणालाच पटलं नसतं.

"तवर ह्याला डिपर बसवायचा," कॉल संपल्यावर काकांनी जाहीर केलं.

काका एसटीत ड्रायव्हर होते. भोर-वेल्हे रस्त्यावर त्यांची उभी नोकरी गेली. अंधारात समोरून गाडी आली की हेडलाइटचा झोत खाली करायचा असतो, त्याला डिपर म्हणतात. वर असला की अप्पर. इतरांसाठी तो एक खटका आहे. काकांसाठी तो संस्कार आहे. "समोरच्याचा इचार करावा," असं ते दिवसातून अनेकदा म्हणतात, आणि त्यांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत: डिपर मारणारे आणि न मारणारे.

गल्लीत समोरून कोणी आलं की काका टॉर्च स्वतःच्या पायांवर धरतात आणि मग दोघंही चाचपडत पुढे जातात. गणपतीत ते मंडळाच्या फोकसला वर्तमानपत्र गुंडाळायला गेले होते. ते वर्तमानपत्र थोडं जळलंही. वैशूताईच्या लग्नात तर त्यांनी व्हिडिओवाल्याचा पिच्छाच पुरवला. नवरीच्या डोळ्यांत उजेड जातोय म्हणून ते त्याचा दिवा हाताने खाली दाबत राहिले. त्या लग्नाची कॅसेट, म्हणजे आता पेनड्राइव्ह, आम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. चेहरे अंधारात आहेत. चपला मात्र स्वच्छ ओळखू येतात.

संसाराचंही त्यांचं हेच सूत्र. काकींचा आवाज चढला की काका गप्प होतात. "तिनं अप्पर केला की आपुन डिपर. दोगं अप्परवर गेलं की गाडी वढ्यात."

आणि मी त्यांची लाडकी. "ही पोरगी जलमापास्नं डिपरवर हाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. मी खाली मान घालून ऐकते, त्यामुळे त्यांचं म्हणणं जागच्या जागी सिद्ध होतं. खरं कारण वेगळं आहे. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. मी मराठीत काही बोलायला गेले की घरात कोणीतरी हसतं. मग मी वाक्य आधी मनात तपासून घेते, आणि ते तपासून होईपर्यंत विषय बदललेला असतो.

लॅपटॉप वैशूताईच्या कॉलेजच्या दिवसांतला. त्याची मूळची सिस्टीम म्हातारी होऊन बंद पडली तेव्हा भोरच्या बाजारपेठेतला दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, भंगारात द्या." काकांनी लॅपटॉप पोटाशी धरला.

"एसटी बी भंगारात काढत्यात," ते म्हणाले. "पर तवा तिच्या ड्रायवरला बोलवत न्हाईत."

शेवटी त्याने एक फुकटची सिस्टीम टाकून दिली. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी या सिस्टीमची कधी जबाबदारीच घेतलेली नव्हती. तरी बाकी सगळं चाललं. उजेडाची बटणं तेवढी गेली.

मग काकांचे उपाय सुरू झाले. आधी त्यांनी स्क्रीनच्या मधोमध रुपयाएवढा काळा ठिपका चिकटवला, ट्रकच्या दिव्यांवर असतो तसा. तो बरोबर वैशूताईच्या नाकावर आला. मग स्वतःच्या छातीचा जुना एक्स-रे लावून पाहिला. त्या दिवशी वैशूताई काकांच्या बरगड्यांमागून बोलत होती, आणि काका हळवे होऊन म्हणाले, "काळजातच बसलीय जणू." पण एक्स-रेतूनही उजेड काकींना टोचला. काळ्या चष्म्यातून बघितलं तर काकी म्हणाल्या, "बाळ हाय का उशी हाय, कळंना." आणि मोबाईलवर? मोबाईलवर नात त्यांना भुईमुगाच्या शेंगेएवढी दिसली. म्हणून मग ही अर्धी काळी पट्टी. जुन्या गाड्यांच्या हेडलाइटला वरून अर्धा काळा रंग असायचा, त्या नियमाने.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं काय बिघडलंय ते. या सिस्टीममध्ये उजेडाचा कारभार दोन टेबलांवर असू शकतो. बटण दाबलं की अर्ज जात होता अशा टेबलावर, जिथे माणूसच बसत नव्हता. सिस्टीम सुरू होताना जी एक ओळ वाचते, तिच्यात एक शब्द वाढवला की अर्ज योग्य टेबलावर जातो. मी हे वाक्य मनात तयारही केलं होतं. पण काका हेडलाइटवर बोलत असताना मध्ये शिरायचं म्हणजे चालत्या गाडीत चढायचं.

शुक्रवारी काका वेल्ह्याला गेले. तिथल्या पाली गावच्या बहिणीने बारशासाठी आंबेमोहोर तांदूळ काढून ठेवला होता, तो आणायला. खरं तर बाळ तिकडे, पाळणा तिकडे. पण इथे गल्लीला साखरभात झालाच पाहिजे, असं काकांचं म्हणणं. त्यांची एसटी सुटली असेल-नसेल, तोच काकींनी भिंतीवर थाप मारली.

"सायली, तुला येतंय म्हणं ते कांपुटरचं. तुजी आई म्हणत व्हती. ये, करून टाक. ह्ये हायत तवर काय कुणाला हात लावू देणार न्हाईत."

मी पलंगावर बसून काम सुरू केलं. काकी भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी बोलत नाही म्हणून माणसं माझ्याशी खूप बोलतात.

"ह्ये डिपरचं येड कुठनं लागलं, ठावं हाय का?" काकी भिंतीला म्हणाल्या. "तवा आमचं घर रस्त्याकडंला व्हतं, डेपोच्या अलीकडं. दिस बुडताना ह्यांची वेल्ह्याची गाडी यायची. घरापाशी आली की दोन बार अप्पर-डिपर, अप्पर-डिपर. समोर कुणी नसायचं. कंडक्टर इचारायचा, कुणाला मारलात हो? ह्ये म्हणायचे, म्हैस आडवी आली. रोज म्हैस."

मी टाइप करायची थांबले.

"ती खूण व्हती. म्या मंग तव्यावर भाकरी टाकायची. गाडी डेपोत लावून ह्ये चालत येस्तवर ती फुगल्याली असायची." त्यांनी डोळ्यांवरचा पदर सारखा केला. "रिटायर झाले आन् डिपर मारायला कोण ऱ्हायलं न्हाई. आता गावाला शिकवत फिरत्यात."

मी तो शब्द घातला, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि बटण दाबलं. स्क्रीन मंद झाली. आणखी दाबलं, आणखी मंद. समोरच्या भिंतीवरचा पांढरा चौकोन देवघरातल्या समईएवढा उरला. काकींनी सावकाश मान वळवली आणि डोळे किलकिले करून पाहिलं. "अगं बया," एवढंच म्हणाल्या.

एक खोट राहिली. दरवेळी सुरू होताना लॅपटॉप पूर्ण उजेडातच उठत होता. मग बटण दाबून खाली आणायचा.

संध्याकाळी काका तांदळाची पिशवी घेऊन आले. मी उठायच्या आत काकी म्हणाल्या, "बगा, तुमच्या पट्टीनं गुन दिला."

काकांनी बटण दाबलं. उजेड उतरला. मग त्यांनी तो वर नेला, खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो दोनदा उमटून गेला.

"म्हैस आडवी आली का?" आतून काकींनी विचारलं.

काका पट्ट्या सोलायला लागले. मान खाली घालून, बराच वेळ.

"अप्परवर उठतोय, त्याचं काय न्हाई," ते थोड्या वेळाने म्हणाले. "गाडी अप्परवरच येती. डिपर मारायचा असतोय मानसानं." शनिवारभर ते त्या बटणाचा सराव करत होते. बोट नेमकं कुठे ठेवायचं, हे कळावं म्हणून त्यांनी बटणाला हळदीचं बोटही लावलं.

रविवारी खोली भरून गेली होती. गल्लीतल्या बायका खाली सतरंजीवर, माझी आई त्यांना साखरभाताचं प्रमाण सांगतेय, काका लॅपटॉपसमोर इस्त्रीच्या सदऱ्यात, बोट हळदीच्या बटणावर. काकी त्यांच्या शेजारी स्टुलावर, नवी साडी, डोळ्यांवर पदर. काकांनी "बग आता" म्हटलं की त्या पदर काढणार, असं ठरलेलं. मी दाराशी.

लॅपटॉप उठला, नेहमीप्रमाणे पूर्ण उजेडात. लगेच कॉल लागला. काकांच्या समोर आधी कपाळ आलं, मग डोळे. कित्येक रविवारांनी त्यांना लेकीचा अख्खा चेहरा दिसत होता.

"पप्पा, बघा तुमची नात," वैशूताई म्हणाली आणि तिने बाळाला उचलून अगदी कॅमेऱ्याशी आणलं. सगळी स्क्रीन बाळाच्या तोंडाने भरली. बाळाने जांभई दिली.

काकांचं बोट बटणावरून उठलं आणि बाळाच्या गालाकडे गेलं. स्क्रीनच्या अलीकडे थांबलं आणि हवेतच राहिलं.

"आई, दिसतंय ना गं?" वैशूताईने विचारलं.

काकींनी पदर काढला आणि तोंड उजेडाकडे केलं. डोळे घट्ट मिटलेले, त्यांतून पाणी गालावर आलेलं. "व्हय गं बाय," त्या हसत म्हणाल्या. "बगतेय की. किती ग्वाड हाय."

त्यांना काहीही दिसत नव्हतं. काका बाळाकडे बघत होते, बायका बाळाकडे बघत होत्या, माझी आई बाळाचं नाक कोणावर गेलंय ते सांगत होती. काकींकडे कोणीच बघत नव्हतं. मी मनात वाक्य जुळवायला घेतलं, आणि जुळायच्या आतच सोडून दिलं. मान वर केली. आवाज इतका मोठा निघाला की बायकांनी मागे वळून पाहिलं.

"काका, डिपर."