कारधेकरांची कॅमेरा-मोहीम आणि बादलीची लढाई

गोंदियाचा मुलूख भंडाऱ्यापासून अलग होऊन एक तप लोटले होते आणि वैनगंगा पूर्ववत वाहत होती, ते समयी मौजे कारधा येथे जे वर्तले ते जाणत्यांनी पुसले म्हणून जैसे ऐकिले तैसे लिहिले. यात पदरचे काही मिसळले असेल तर वाचणारांनी ते अलंकार समजून गोड करून घ्यावे.

कारध्यास राजमान्य राजश्री जीवनराव रामटेके, विजेच्या खांबांचे किल्लेदार, लोक ज्यांस वायरमन म्हणत, पत्नी रत्नमालाबाई व मातुश्री मंगलाबाईसाहेब यांसह नांदत होते. घरच्या भिंतीवर दिवंगत वडील भैय्यालालजी यांची तसबीर होती. ती मतदार ओळखपत्रावरून मोठी केलेली, आणि तीत भैय्यालालजी फौजदारापुढे उभे केल्यासारखे घाबरलेले. हयातभर हसत राहिलेला माणूस, आणि मागे उरला तो घाबरलेला, हे शल्य जीवनरावांचे काळजात रुतून होते. मातुश्रींची गतही तीच. कॅमेरा दिसताच त्या श्वास कोंडून ताठ होत. चेहरा मोकळा होई तो फक्त धानाच्या रोवण्यात, चिखलात उभ्या असता, आणि गुडघ्यांनी दगा दिल्याने यंदाचा रोवणा अखेरचा, असे त्यांनी जाहीर केले होते. तिथली तसबीर घ्यावी तर कशाने? पहिला कॅमेरा खांबावरून पडून ठार जाहला होता आणि मागल्या साली मोबाइल धानाच्या बांधीत बुडून कामी आला होता.

मग जीवनरावांनी मसलत केली की पडून न फुटणारा, पाण्यास न भिणारा आणि खिशात मावणारा कॅमेरा हस्तगत करावा, जो रोज खांबावर चढेल आणि चिखलातही उतरेल. आणि आदितवार पाहून तिघांनी एका स्कूटरवर कूच केले, पूल ओलांडिला, आणि भंडारा शहरी पुंडलिकराव दुकानदार यांचे ठाण्यास वेढा दिला.

पुंडलिकरावांनी एकेक सरदार मैदानी उतरविला. लांब सोंडेचा आला, तो खिशात मावेना म्हणून माघारी गेला. मग सोनेरी आला, त्यावर रत्नमालाबाईंची मर्जी बसली, परंतु पाण्याचे नाव निघताच पुंडलिकराव खाकरले आणि छताकडे पाहू लागले. मग पिवळा, ठेंगणा, कोपऱ्यांस रबर ल्यालेला आला. मंगलाबाईंनी त्याचे बॅटरीचे झाकण उघडविले, आतल्या रबरावरून लोणच्याच्या बरणीसारखे बोट फिरविले, आणि झाकण दोनदा लावून पाहिले. पुंडलिकरावांनी शपथेवर सांगितले की हा पाण्यात बुडूनही तसबीर काढतो. तेव्हा मातुश्री बोलत्या जाहल्या.

"मडकं घेतो तं मी पाणी भरून पाह्यतो. मंग हे कायले तसंच घ्याचं? बादली आणा."

पुंडलिकरावांनी अर्ज केला की भिजला माल मागाहून कोणी घेत नाही. मातुश्रींनी तो नामंजूर केला. बघे जमले, आणि त्यांनीही बादलीचा पक्ष धरिला. अखेर तह ठरला: सर्वांनी चहा घ्यावा, चहा संपेतो कॅमेरा पाण्यात राहावा, जगला तर कारधेकरांनी नेलाच पाहिजे, मेला तर दुकानाचे नशीब.

जीवनराव कोपरापावेतो हात बुडवून, बटणावर बोट ठेवून बसले. मंगलाबाई फुंकर घालघालून चहा पिऊ लागल्या आणि पुंडलिकरावांचे कपाळ घामाने डबडबले. मग बशी खाली ठेवून मातुश्री बादलीवर ओणवल्या. आपणावर कोणी कॅमेरा रोखला आहे हे त्यांचे ध्यानीही नव्हते.

"मेला का जित्ता हाय?" त्यांनी पुसले, आणि पुंडलिकरावांच्या मुद्रेकडे नजर जाताच खदखदून हसल्या. त्याच क्षणी जीवनरावांच्या बोटाखाली बटण दाबले गेले.

कॅमेरा बाहेर निघाला, पुसला, आणि पडद्यावर पाण्याखालून दिसलेल्या मंगलाबाई उमटल्या: पदर सुटलेला, पुढचा एक दात नाही, आणि चेहरा पार उजळलेला. पुंडलिकरावांनी घाम पुसून पावती फाडिली.

पुढे रोवण्यातल्याही पुष्कळ तसबिरी निघाल्या, परंतु चौकटीत बसली ती बादलीतलीच. ती वडिलांच्या शेजारी लावावी म्हणून जीवनरावांनी खिळा काढिला, तो मातुश्रींनी हात धरिला.

"बाजूले नको, समोर लाव. इतके वर्स भेवून पाहून रायले ना ते. आता मले हासताना पाहू दे."

हुकमाप्रमाणे समोरच्या भिंतीस खिळा ठोकिला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.