गादी बघून येतो!

वर्ष कोणतं ते आकड्यात विचारू नका. आमच्या नातीला जुळी झाली, ते वर्ष. नातीची आई, म्हणजे आमची सून, जुळ्यांना सांभाळायला तिकडे गेली, ती गेलीच! घरात उरलो तिघं. मुलगा, जो दिवसभर कामावर आणि उरलेला वेळ फोनवर असायचा. बायको, जिची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली होती, पण जीभ ठणठणीत होती. आणि मी.

हिला उचलणं, बसवणं, धुणं, भरवणं, सगळं माझ्याकडे. शिवाय कूस बदलणं. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी रात्रीसुद्धा गजर लावून उठायचो. एके दिवशी हिला पलंगावरून खुर्चीत घेताना माझी कंबर अशी काही वाजली, की दोघंही जमिनीवर! मी खाली, ही वर. मुलगा कामावरून येईपर्यंत आम्ही तसेच!

"लग्न झाल्यापासून इतका वेळ एका जागी पहिल्यांदाच थांबलात," ही म्हणाली.

त्या संध्याकाळी मुलानं विषय काढला. शहराच्या टोकाला एक संस्था होती. अंथरुणाला खिळलेल्या किंवा भ्रम झालेल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे सांभाळतात म्हणे.

"बाबा, नुसतं बघून तर या."

मी हिच्याकडे बघितलं. ही छताकडे बघत होती.

"या बघून," ही म्हणाली. "पण तिथल्या लोकांना विचारू नका. ते गोडच बोलणार. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा, आणि मला तिथे ठेवण्यासारखं आहे की नाही ते खरं सांगा. खोटं बोललात तर मला कळतं."

"अगं, मला कोण फसवणार?" मी छाती पुढे काढली. कंबर दुखली, पण छाती काढली. "उभा जन्म गाद्या भरण्यात गेला! माणसाला एकाच कुशीवर टाकून ठेवत असतील, तर गादीला तिथेच खळगा पडतो. मी नुसता पडलो की सांगतो, त्या घरात माणूस कसा ठेवतात ते! कोणाशी बोलायचीसुद्धा गरज नाही. गादी बघून येतो!"

दुसऱ्या दिवशी थंडी कडाक्याची. मी कोट चढवला, कानटोपी घातली, वर मफलर गुंडाळला. नाक तेवढं बाहेर. शेजारीण हिच्याजवळ बसायला आली. मुलानं मला गाडीतून संस्थेच्या दारात सोडलं आणि तो बाहेरच थांबला, अर्थातच फोनवर. जुळ्यांपैकी एकाला सर्दी झाली होती, आणि ती नेमकी कोणाला झाली यावर दोन्ही घरांत वाद चालू होता.

आत मेट्रनबाईंनी स्वागत केलं. लांबलचक व्हरांडा, भिंतीला धरायचे दांडे, फिनेलचा वास. एका खोलीत टीव्ही इतक्या मोठ्यानं चालू होता, की बातम्या सांगणारी बाई आपल्यालाच रागावतेय असं वाटावं. मेट्रनबाई गोड बोलत होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला, बोला! मला गादी दाखवा!

तीन पलंगांची एक खोली आली. एका पलंगावर एक गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते, दुसऱ्यावरचे भिंतीकडे तोंड करून होते. खिडकीजवळचा पलंग रिकामा.

"इथे कॅप्टन असतात," मेट्रनबाई म्हणाल्या. "कालच आलेत. बाथरूममध्ये असतील." तेवढ्यात त्यांना कोणीतरी बोलावलं आणि त्या गेल्या.

यापेक्षा चांगली संधी कुठली! मी कोट काढला, टोपी काढली, मफलर, चष्मा, बूट, सगळं काढून खुर्चीवर आणि खुर्चीखाली नीट ठेवलं आणि आडवा झालो. गादी फोमची, वर प्लास्टिकचं आवरण. आमच्या धंद्याची सवतच! तरी म्हटलं, बघू. डोळे मिटले. खांदा ठीक. पाठ ठीक. कंबर...

कंबरेपर्यंत पोचलोच नाही. झोपलो!

आता मला हसू नका. कित्येक महिन्यांत सलग झोप माहीत नव्हती. दगड विहिरीत पडावा तसा पडलो. मध्येच एकदा अर्धवट जाग आली, ती कोणीतरी माझ्या खांद्याखाली एक हात आणि कमरेखाली एक हात घातला म्हणून. मला हळूच कुशीवर वळवलं, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, पांघरूण ओढलं. माझी कूस बदलणारं जगात कोणी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं! "उपकार झाले," असं काहीतरी पुटपुटून मी पुन्हा झोपलो.

पुरता जागा झालो तेव्हा ऊन सरकलेलं, आणि समोर एक जाडजूड मावशी टॉवेल घेऊन उभी.

"चला कॅप्टन, अंग पुसायचं. हात वर करा!"

"मी कॅप्टन नाही! मी बघायला आलोय!"

"सगळे बघायलाच येतात हो. हात वर."

मी खुर्चीकडे बघितलं. कोट नाही! टोपी नाही, मफलर नाही, चष्मा नाही, बूटही नाहीत! खुर्ची तेवढी जागेवर.

"मेट्रनबाईंना बोलवा!"

"त्या बाहेर गेल्यात. आता आमची दुपारची पाळी."

"अहो, माझा मुलगा बाहेर गाडीत वाट बघतोय!"

मावशीनं माझा सदरा डोक्यावरून काढता काढता सुस्कारा सोडला. "आजोबा, सगळ्यांचेच मुलगे बाहेर गाडीत वाट बघत असतात."

मी खिडकीशी धावलो. चष्म्याशिवायही एवढं दिसलं, की फाटकापाशी गाडी नव्हती.

"गाडी नाही!" मी ओरडलो.

"नसतेच," मावशी म्हणाली आणि कोमट पाण्यात टॉवेल पिळला.

मी आरडाओरडा केला. जितका ओरडलो तितका मी कॅप्टन ठरत गेलो! कारण कॅप्टनसुद्धा आदल्या दिवसापासून हेच ओरडत होते म्हणे. शेवटी मावशीनं सिस्टरना बोलावलं, सिस्टरनी डॉक्टरना. खऱ्या कॅप्टनना आधी पाहिलेलं यांच्यापैकी कोणीच नव्हतं. डॉक्टर तरुण होता, पोरगेलासा आणि फार सभ्य. त्याचं सभ्य असणंच मला नडलं.

"आजोबा, आज वार कोणता?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. वार? आमच्या घरात वार नव्हतेच. हिची कूस होती, हिचं पाणी होतं, हिचं औषध होतं. सोमवार काय आणि शनिवार काय!

"बरं. वर्ष कोणतं?"

"नातीला जुळी झाली ते!"

डॉक्टरनं सिस्टरकडे बघितलं. "काम काय करता?"

"गाद्या भरतो."

"कुठे?"

"दुकानात. पण दुकान विकलं."

"मग आता कुठे भरता?"

"आता नाही भरत! आता बघायला आलोय!"

"शांत व्हा. या कागदावर तुमचं नाव लिहिता येईल?"

येईल? मंडळी, मला अक्षरं उशिरा आली. साठी उलटल्यावर हिनं शिकवली, अंगठा कुठवर उठवणार म्हणून. पहिलं शिकलो ते स्वतःचं नाव. चष्मा नव्हता तरी मी गादीला टाके घालावेत तसं, एकेक अक्षर ओढून, आख्खं नाव लिहिलं. एकही काना चुकला नाही! डॉक्टरनं ते वाचलं आणि दुःखानं मान हलवली.

"नावसुद्धा विसरलेत," तो हळूच म्हणाला.

तेव्हा मात्र मी हादरलो. "अहो, मला घरी सोडा! घरी बायको आहे. ती एकटी उठत नाही. तिची कूस बदलायची वेळ झाली!"

सिस्टरनी डोळ्यांना पदर लावला नाही एवढंच. मावशी माझ्या पलंगावर बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आजोबा, तुमची बायको आता नाही हो. मागेच गेली ती."

ती कॅप्टनच्या बायकोबद्दल बोलत होती. मला कळत होतं ते. सकाळी निघताना मी हिला स्वतःच्या हातानं चहा पाजला होता. पण तीन माणसं, शुद्धीवर असलेली, शिकलेली, इतक्या मायेनं एकच गोष्ट सांगत होती, की मला वाटलं, आपणच तर चुकत नाही? मला वार आठवत नव्हता. वर्ष सांगता आलं नव्हतं. मग उरलेलं तरी खरं कशावरून? आणि मी रडलो. पोरासारखा, आवाज काढून.

"रडा," मावशी म्हणाली. "मी बसलेय." दुसऱ्या पलंगांवरून हाका येत होत्या, तरी ती उठली नाही. पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं मला चमच्यानं सूप भरवलं. मी मुकाट्यानं खाल्लं. सूप बरं होतं. हेही बघायलाच आलो होतो ना!

दिवे लागायच्या सुमारास कॅप्टनची मुलगी भेटायला आली. दारातच थबकली.

"हे कोण?"

"तुमचे बाबा," मावशी म्हणाली.

"हे माझे बाबा नाहीत!"

"ताई, असं बोलू नये," मावशीनं तिला बाजूला घेतलं. "त्यांना सगळं कळतं. आजच खूप रडलेत."

मग जो गोंधळ उडाला! मेट्रनबाई परत आल्या होत्या, त्या धावत आल्या आणि मला बघून मटकन खुर्चीत बसल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "सकाळी एक आजोबा गेले की. कोट, टोपी, मफलर. मी सलामसुद्धा ठोकला. मुलाच्या गाडीत बसले आणि गेले!"

माझ्या मुलाला फोन लावला. तो कामावर होता.

"बाबांना? मी सकाळीच घराच्या दारात सोडलं की!"

"बाबा इथे आहेत," मेट्रनबाई म्हणाल्या.

मग मुलगा म्हणाला, "मग आईजवळ कोण आहे?"

नंतर कळलं ते असं. मुलगा फोनवर सर्दीचा वाद मिटवत होता. मागे कोट-टोपी येऊन बसली. "कसं वाटलं, बाबा?" त्यानं विचारलं. "कोंडवाडा!" मागून उत्तर आलं. बाबा रागावलेत असं वाटून त्याची मागे वळून बघायची छातीच झाली नाही! घरी माझ्या कोटाच्या खिशात माझी किल्ली होती. दाराचा आवाज ऐकून शेजारीण "आलात ना? मी निघते, गॅसवर दूध आहे," असं म्हणत मागच्या दारानं गेली.

संस्थेच्या चपला घालून मी घरी पोचलो. मागोमाग कॅप्टनची मुलगी. ही पडली असेल, घाबरून हिचं काही झालं असेल, मावशीचं म्हणणं खरंच झालं असेल...

दार उघडलं. ही उशांना टेकून बसली होती, आणि हसत होती! कित्येक महिन्यांत ही हसलेली मी पाहिली नव्हती. समोर खुर्चीवर एक उंच म्हातारा, माझी टोपी घालून, हिला चहा पाजत होता.

"आलात?" ही म्हणाली. "यांनी सगळं सांगितलं. तुम्हाला बघायला पाठवलं आणि बातमी यांनी आणली!"

कॅप्टननी मला नखशिखांत न्याहाळलं. "माझ्या गादीवर तुम्ही झोपलात?"

"हो."

"कशी आहे?"

"बरी आहे."

"मग तुम्हीच राहा तिथे!" ते म्हणाले. पण मुलीनं कोट काढायला हात लावला, तेव्हा मुकाट्यानं हात वर केले. जाताना हिला म्हणाले, "चहा कडक हवा तर घरीच पिऊन घ्या. तिथे मिळत नाही." गाडीत बसेपर्यंत ते मागे वळून आमच्या दाराकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

घर शांत झालं. मी हिची कूस बदलली.

"आता तुम्ही सांगा," ही भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "माणसं कशी आहेत?"

"मायाळू आहेत. खरंच."

"आणि?"

"ऐकून घेत नाहीत."

"म्हणजे घरच्यासारखंच की!" मग तिनं विचारलं, "तिथे तुम्हाला झोप लागली?"

मला खोटं बोलायचं होतं. पण हिला कळतं. "लागली," मी म्हटलं.

"गाढ?"

मी हिचं पांघरूण नीट करू लागलो.

"मग मला नेऊन ठेवा," ही म्हणाली. "दोघांपैकी एकानं तरी झोपावं."

नेलं. खिडकीजवळचा पलंग मिळाला, पण बायकांच्या खोलीतला. मी रोज सकाळी जायचो आणि संध्याकाळी हिच्याविना रिकाम्या घरी परत यायचो. गजर लावणं बंद केलं, तरी त्याच वेळांना जाग यायची आणि कूस बदलायला कोणी नसायचं. तिथे सगळे मला गमतीनं कॅप्टन म्हणायचे. खरे कॅप्टन व्हरांड्यात दिसले की मी माझी टोपी घट्ट धरायचो, आणि ही पलंगावरून खुदकन हसायची.

एका सकाळी मी पोचलो, तर दारातच मावशी. तिनं मला खुर्चीवर बसवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आजोबा, तुमची बायको आता नाही हो."

मी हसलोच! "मावशी, पुन्हा तेच? अहो, मी कॅप्टन नाही!"

ती हसली नाही. हात सोडून उठलीही नाही.

माझी बायको त्याच वर्षी, जुळ्यांना पहिले दात आले त्या महिन्यात, गुरुवारी सकाळी वारली. गुरुवारच. आता मला कोणीही वार विचारावा.