एलपर्यंत खाल्लेला कोश

दाओनने शब्दांचं पुस्तक किमचीच्या डब्यावर आदळलं आणि जाहीर केलं, "हे शब्द इंग्रजांनासुद्धा येत नसतील!"

विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला शंभर दिवस उरले होते. पुस्तकात पंधराशे शब्द होते आणि त्यातले पाठ झाले होते चाळीस. चाळिसातले अकरा ती कालच विसरली होती. तिची आई मिरान माशाचे काटे काढत राहिली. बाप मात्र खुलला. प्यो ग्वांगसू दिवसभर कोरियातल्या चोंगजू शहरात घरं तापवणारे बॉयलर दुरुस्त करत हिंडायचा, आणि कुठे बोलण्याची संधी मिळाली की ती वाया घालवत नसे.

"आमच्या वेळी इंग्रजी कोशाचं एक पान पाठ झालं की ते फाडायचं, चावायचं आणि गिळायचं. गिळलेला शब्द पळून जात नाही! मी एलपर्यंत खाल्लाय कोश. ए पासून एल!"

"लग्नाच्या बोलणीत माझ्या बाबांना हेच सांगितलं होतं यांनी," मिरान म्हणाली. "तेव्हाही एलच्या पुढे गेले नव्हते."

त्या पिढीत पानं खाणारे खरोखरच काहीजण होते. खाल्ली म्हणून सांगणारे मात्र पुष्कळ होते. दाओनने ही गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा डोळे फिरवले होते. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी तिची गत झाली होती.

पुढच्या सोमवारी चाचणीत तिला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळाले.

"काय गं, जादू कशी झाली?" ग्वांगसूने विचारलं.

"सात पानं खाल्ली. बाबा, तुमचं बरोबर होतं."

ग्वांगसूचा घास हातातच राहिला. खरं सांगायची वेळ हीच होती. पण अठरा वर्षांची मुलगी 'बाबा, तुमचं बरोबर होतं' असं जन्मात किती वेळा म्हणते? त्याने घास गिळला आणि त्याबरोबर सत्यही गिळलं. "पाणी भरपूर पी," एवढंच म्हणाला.

आठवडाभरात अख्खा वर्ग पानं खाऊ लागला. गुळगुळीत कागद घशाखाली उतरेना, म्हणून पोरी तो भाताबरोबर समुद्री शेवाळाच्या पापडीत गुंडाळून खाऊ लागल्या. मग एकीच्या लक्षात आलं की पानाला मागची बाजूही असते. पाठ केलेल्या वीस शब्दांबरोबर तिने न वाचलेले वीस शब्दही गिळले होते. ते वाचायला तिने शेजारणीचं पुस्तक मागितलं, तर शेजारणीने ते पान सकाळीच खाल्लं होतं. यावरून भांडणं जुंपली. शुक्रवारी नऊजणी पोट धरून शाळेच्या नर्सकडे गेल्या, आणि नर्सने विचारताच नऊजणींनी एकच नाव सांगितलं.

संध्याकाळी वर्गशिक्षिका बांगबाईंचा फोन आला. "दाओनचे बाबा, उद्या पालकसभेला याच. तुम्ही एलपर्यंत खाऊन ठणठणीत आहात म्हणे. ते पचवलं कसं, एवढं पालकांना सांगा. सगळे माझ्या डोक्यावर बसलेत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ग्वांगसूने एका गिऱ्हाइकाचा बॉयलर फुटल्याचं निमित्त काढून पाहिलं, पण मिरानने त्याचा कोट इस्त्री करून दारात टांगून ठेवला होता.

सभेत मुली मागच्या बाकांवर आणि पालक पुढच्या बाकांवर बसले होते. औषधांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई उठल्या. "एलपर्यंत म्हणजे सहज सहा-सातशे पानं होतील. माणूस जगणार नाही. हे गृहस्थ चक्क थापा मारताहेत."

ग्वांगसू तोंड उघडणार, इतक्यात मागून दाओन उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"माझे बाबा थापा मारत नाहीत. हवं तर माझ्या आजीला विचारा!"

"दाओन, कशाला आजीला त्रास..." ग्वांगसू पुटपुटला. पण तिने फोन लावला होता, आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून बांगबाईंच्या टेबलावर ठेवलाही होता.

"आजी, बाबांनी परीक्षेच्या वेळी इंग्रजी कोश खाल्ला होता ना? एलपर्यंत?"

"कोण म्हणतं?" गावाकडून आजीचा खणखणीत आवाज आला. "तो शेळीनं खाल्ला! हा कोश अंगणात टाकून नदीवर पोहायला गेला, आणि काळीनं अर्धा फस्त केला. मग दोन दिवस रडत बसला. परीक्षा महिन्यावर आलेली, पोरगं वाळून चाललेलं. मी काळीला काढेवाल्याकडे नेली, कापून तिच्या मांसाचा काढा करून घेतला आणि साठ पाकिटं याला पाजली. सांग बाई, अजून काय पाहिजे?"

सगळ्यांच्या माना ग्वांगसूकडे वळल्या.

"म्हणजे..." ग्वांगसूने घसा साफ केला. "पोटात गेला, हे तर खरं ना?"

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले पालक डोकावले. औषधवाल्या बाईंनी तर डोळे पुसले. "कागद खाणं आजपासून बंद," असं बांगबाईंनी त्या गोंधळातच सांगून टाकलं. एकटी दाओन हसली नाही.

गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. हत्यारांच्या पेट्या मागे खडखडत होत्या. ग्वांगसूला कोणीतरी दोन थपडा मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या सिग्नलला ती म्हणाली, "आणि एमपासून पुढचं काय झालं?"

"ते उरलं होतं. तेच पाठ केलं. दुसरं होतं काय माझ्याकडे?"

तिने पुस्तकाची उरलीसुरली पानं उघडली. "ऑब्स्टिनेट?"

"हट्टी. तुझी आजी."

"रिलक्टंट?"

"नाखूश. आज सभेला येताना मी."

"व्हल्नरेबल?" तिने भराभर तीस शब्द विचारले. त्याला तीसही आले, अर्थाला लागून अर्थ. दाओन सीटवर वळून बसली.

"क्रेडिबल?"

ग्वांगसू सिग्नलकडे बघत राहिला. "हा शेळीचा भाग."

"विश्वास ठेवण्याजोगा," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "हे कधी कोणाला सांगितलं का नाहीत?"

"तेवढं पाठ करून मी नापास झालो गं. शब्द दोन्ही अर्ध्यांतले विचारले होते. जे केलं त्याने नापास झालो, आणि जे केलं नाही ते सांगून लग्न झालं. मग माणूस काय सांगत बसेल?"

आता मात्र ती हसली. घरी पोचेपर्यंत ठरलं होतं: आजीकडे तो उरलेला अर्धा कोश अजून आहे. पेन्सिलीच्या खुणा केलेला, समासात वाक्यं लिहिलेला. तो मागवायचा आणि बापलेकीने रोज बसायचं. ग्वांगसूने लगेच फोन केला. "आई, माझ्या कोशाचा उरलेला भाग दाओनसाठी पाठव. अगदी सगळा पाठव."

"बरं झालं आठवण केलीस," आजी म्हणाली.

दहा दिवसांनी जाडजूड खोकं आलं. ग्वांगसूने स्वतः कात्रीने फीत कापली. आत ओळीने काढ्याची साठ पाकिटं होती.

"आई, कोश कुठंय?" त्याने फोनवर विचारलं.

"पाठवलाय की! मागच्यासारखाच. तेव्हा अर्धाच गेला तुझ्या पोटात, म्हणून तू नापास झालास, असं मला मेलीला नेहमी वाटायचं. आता उरलेला झाडून सगळा शेळीला घातला, शेवटच्या पानापर्यंत. खाईना, तर कोंडा लावून भरवला. पोरीला दिवसातून दोनदा दे."

ग्वांगसूने पाकिटं उलटसुलट करून पाहिली. पंचवीस वर्षं जपलेली त्याची खरी कमाई पाकिटांत भरून आली होती.

दाओनने एक पाकीट कापून दोन पेल्यांत ओतलं, एक बापापुढे सरकवला आणि दुसरा नाक दाबून रिकामा केला. मग तिने कोरी वही उघडली आणि पेन्सिलीला टोक केलं.

"हं, सांगा बाबा. एमपासून. मी लिहून घेते."

ग्वांगसूने डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिलं पान भरलं तेव्हा मिरान उठली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर वहीपुरती जागा करू लागली.

"चुसोकच्या सणाला आजी येणार आहेत," ती म्हणाली. "त्यांच्या हाताला लागता कामा नये."