मास्तर अडकले बाल्कनीत

गाडी चालवायला शिकवणारे मास्तर बाल्कनीत दुपटी वाळत घालत होते, तेवढ्यात पाठीमागे खट्ट आवाज झाला. वळून पाहतात तो ठकी उभी! आतापर्यंत नुसती रांगणारी त्यांची लेक काचेच्या सरकत्या दाराची मूठ धरून चक्क आपल्या पायांवर उभी होती.

"शाब्बास माझी वाघीण!" मास्तर आत जायला निघाले. पण दार हलेना. ठकीच्या भाराने मूठ खाली आली होती आणि आतून कडी बसली होती. पोर बाहेर येऊ नये म्हणून दार त्यांनीच ओढून घेतलं होतं. फोन आत. बायको पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात नर्स, ती ड्यूटीवर.

मग त्यांना काचेतून आतला चहा दिसला. बुटक्या स्टुलावर, आत्ताच गाळलेला, वाफाळता. ठकीलाही तो नेमका तेव्हाच दिसला.

"ठके, इकडे बघ! मूठ वर कर. वर!" नवशिक्यांना शिकवण्यात मास्तरांची हयात गेली होती, पण त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक असे. इथे तो नव्हता.

त्यांनी कपड्यांचा चिमटा नाकाला लावला. ठकी हसली. दुसरा कानाला लावला. ती खिदळली. चिमट्यांना जागा उरली नाही तेव्हा ते डोक्यावर दुपटं घेऊन नाचू लागले. जरा थांबले की पोरीची मान स्टुलाकडे वळे, त्यामुळे दम खायचीही सोय नव्हती. असा अर्धा तास गेला.

"अहो, काय धपाधपा चाललंय वर?" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मान बाहेर काढली.

"काकू, हिला फोन करा! लवकर!" मास्तर गेंगाण्या आवाजात ओरडले.

काकूंनी वर पाहिलं आणि तिथूनच फोन लावला. "अगं, तुझे मिस्टर डोक्यावर दुपटं घेऊन नाचतायत. मला लक्षण काही ठीक दिसत नाही. आधी घरी ये बाई!"

शेवटी ठकीला नाच पाहून कंटाळा आला. तिने काच सोडली. डुलली. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक चालत होती, पण चहाकडे!

"बस खाली! ठके, बस!"

चौथ्या पावलाला तिने स्टूल गाठलं आणि पंजा कपात बुडवला. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. रडणं मात्र ऐकू येईना. डोळे किलकिले करून पाहतात, तर ठकी मजेत बोटं चोखत होती. नाचता नाचता चहा कधीच थंडगार झाला होता.

इतक्यात बायको धापा टाकत आली. तिने आधी ठकीला उचललं, मग कडी काढली.

"अहो, काय हा अवतार! पेशंटला तसंच ठेवून पळत आले मी. पोर आत, चहा आत, आणि तुम्ही बाहेर नाचताय?"

मास्तर कानाचा चिमटा काढू लागले. बोलावं की न बोलावं? पण त्यांच्या पोटात काही राहिना.

"एक सांगू? वाईट वाटून घेऊ नकोस. ठकी आज चालली. पहिली पावलं. चार टाकली! तू नेमकी नव्हतीस गं."

ठकीची बोटं पुसणारा बायकोचा हात थबकला.

"चार?" तिच्या तोंडून निघून गेलं, "काल तर दोनच टाकली होती!"