सरका, ओलं आहे!

“सरका! ओलं आहे!” ही आरोळी जिन्यात घुमली की रामला गावातल्या आमच्या इमारतीतली माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मग शेगुलामावशी प्रकट व्हायच्या. दोन्ही तळहातांवर मलिद्याचं ताट धरावं तसं शुभेच्छाकार्ड, मान ताठ, चाल नव्या नवरीची.

रेवदंड्याहून मुंबई आणि मुंबईहून इथे आलेल्या या आमच्या शेजारणीला उतारवयात कार्डं करायचा नाद लागला. कागदही साधासुधा चालायचा नाही. व्हेलमच हवा! दुधी काचेसारखा, पलीकडचं अंधुक दाखवणारा. त्याच्या मागच्या बाजूने मावशी स्पंजच्या तुकड्याने शाई गोल गोल घासत बसायच्या. गुलाबी नारिंगीत कधी मुरला, नारिंगी जांभळ्यात कधी शिरला, पत्ता लागायचा नाही. पुढून पाहावं तर थेट रेवदंड्याची संध्याकाळ! भानगड एवढीच, की हा कागद शाई पीत नाही. तासन्‌तास ओलाच.

कार्डाला निमित्त काहीही पुरायचं. माझी दाढ काढली, त्याचंही अभिनंदन आलं. “टेबलावर ठेवून जा, मावशी,” म्हणावं तर, “तुझा भरवसा नाय. वर चहाचा कप ठेवशील. सुकेपर्यंत बसते मी.”

आणि बसायच्या! चहा, परत चहा, मग जेवण. एका लग्नात नवऱ्यामुलाने घाईने कार्ड उघडलं आणि बोट जांभळं करून घेतलं. मावशी भर मांडवात ओरडल्या, “काय रे, मुंबईत मत देऊन आलास काय?”

इथेच जन्मलेल्या आमच्या लेकीने, योनितने, एकदा हिब्रूत विचारलं, “या आज झोपणार पण इथेच?” मावशींनी मराठीत उत्तर दिलं, “शाई सांगेल तसं, पोरी.”

मग योनितनेच तेल अवीवहून त्यांना नवी शाई आणून दिली. कुठल्याही कागदावर मिनिटात सुकणारी.

दुसऱ्या दिवशी जिन्यात आरोळी नाही. नुसती बेल वाजली. दारात मावशी, कार्ड वर्तमानपत्रासारखं काखेत.

“सुकलंय,” त्या म्हणाल्या. कार्ड माझ्या हातात दिलं. आत मांडलेल्या जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं. नवरा जाऊन वर्षं झालेली, मुलगा लांब मित्स्पे रामोनला. “मग निघते मी. थांबण्यासारखं काय नाय आता.”

मी कार्डावरून बोट फिरवलं. खडखडीत कोरडं.

“मावशी, दुकानदाराने फसवलं हो! हे तर ओलं आहे.”

मावशींनी चष्मा नाकावर चढवला आणि माझं स्वच्छ बोट न्याहाळलं. एवढ्यात योनित पुढे आली. तिनेही कार्डाला बोट लावलं, आणि जिच्या तोंडून आम्ही कधी मराठी शब्द ऐकला नव्हता ती म्हणाली, “खूप ओलं.”

“मेल्यांनो,” मावशी म्हणाल्या, “आता सुकेपर्यंत बसायलाच पायजे.”

आणि चपला काढल्या.