कारभारीमामांनी वाढवलेला पासवर्ड

लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली सिस्टीम, कुणालाही अर्ध्या तासात शिकवता येतं, असं मी छाती ठोकून सांगायचो. बेलापुरात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. अख्खी नोकरी कॉम्प्युटर टाळण्यात घालवून रिटायर झालेल्या माणसांनाही मी तिथं लिनक्स शिकवलंय. त्यामुळे सासऱ्यांचं मशीन हळू चालतंय असं कानावर आलं, तेव्हा मी बायकोला, सुकन्याला, जाहीर करून टाकलं की मामांच्या मशीनवर मी लिनक्स टाकतोय. ती म्हणाली, चालतंय ना, मग कशाला हात लावता? मी म्हणालो, चालत नाही, रांगतंय. ती पुढं काही बोलली नाही. सुकन्या बोलायची थांबली की माणसानं विचार करायला हवा. मी केला नाही.

खरं कारण वेगळं होतं, ते सांगून टाकतो. माझे सासरे, कारभारीमामा, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल आहेत. गाय लांबून चालत येताना बघून तिचं कितवं वेत, म्हणजे कितवं बाळंतपण, आहे ते सांगतात. आणि पाहुण्यांना माझी ओळख करून देतात ती अशी, "हे आमचे जावई वैजनाथराव. बसूनच असत्यात." जावई काहीतरी कामाचा आहे, असं त्यांनी एकदा तरी म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

मामांचं ते मशीन बाजाराला लागून असलेल्या त्यांच्या खोलीत असतं आणि त्यात गायींचे व्हिडिओ असतात. बाजारात कास मोठी दिसावी म्हणून काही लोक गाय न पिळताच आणतात, त्यामुळे जाणत्या गिऱ्हाइकाचा तिथल्या कासेवर विश्वास नसतो. म्हणून मामा शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊन धार काढतानाचा व्हिडिओ घेतात, मशीनमध्ये टाकतात आणि मोबाईलमधला पुसतात. मोबाईल कायम भरलेला.

गुरुवारी मी गेलो. सगळे व्हिडिओ जपून बाजूला काढले, लिनक्स टाकलं, व्हिडिओ परत जागेवर ठेवले. मग शिकवणी. मामांचे भागीदार मच्छिंद्र मागं उभे राहून, खालचं बटण वर का गेलं, असं तीन-चारदा विचारत होते. मामा मात्र लगेच शिकले. फोल्डर उघडलं, व्हिडिओ लावला, बंद केला. अर्धा तास व्हायचा होता. तेव्हाच उठून चहा प्यायला हवा होता.

पण काळी खिडकी उघडल्याशिवाय आम्हा लिनक्सवाल्यांचा हात थांबत नाही. तिच्यात बटणं नसतात, चित्रं नसतात, नुसतं लिहायचं. मी म्हणालो, मामा, सध्या माझा पासवर्ड आहे, आता तुमचा स्वतःचा घाला. खिडकी उघडली, हुकूम लिहिला, माझा जुना पासवर्ड दिला आणि कीबोर्ड त्यांच्याकडं सरकवला.

मामांनी बोटं चालवली. पडद्यावर काही उमटेना. ते म्हणाले, कीबोर्ड मेला. मच्छिंद्रांनी कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून तंबाखू पडली. मी समजावलं की पासवर्ड असा दिसत नसतो, सुरक्षेसाठी लपवलेला असतो. दोघांचे चेहरे कोरेच. लिहिलं आणि दिसलं नाही, तर लिहिलं कशाला, असं मामांचं म्हणणं.

आणि मला सुचलं! घोडेगावात जुने दलाल जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. भोवतालच्यांना नुसता रुमाल हललेला दिसतो.

"मामा, हा रुमालाखालचा सौदा आहे," मी म्हणालो. "तुमच्या आणि कॉम्प्युटरच्या मधला. तिसऱ्याला दिसायचा नाही."

मामांनी पडद्याकडं पहिल्यांदाच मान देऊन पाहिलं. "मंग आसं सांगा की," ते म्हणाले. खांद्यावरचा रुमाल काढला, कीबोर्डवर पसरला, त्याखाली हात घातले आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. सौद्याला तिसऱ्यानं उभं राहायचं नसतं. मी आणि मच्छिंद्रांनी बाहेर चहा घेतला. बऱ्याच वेळानं मामा घाम पुसत आले. "लई ताणलं त्यानं. पर झालं," म्हणाले. मी खूश होऊन घरी आलो.

शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळीच मच्छिंद्रांचा फोन. कॉम्प्युटर उघडत नाही, लगेच या. मी मोटारसायकलवरून घोडेगाव गाठलं. खोलीबाहेर बनुबाई तिच्या हरणी गायीला धरून उभी होती. बनुबाई पाथर्डीकडची. तिची टोळी संध्याकाळी ऊसतोडीला निघणार होती, गाय नेता येत नव्हती आणि मागं सांभाळायला कुणी नव्हतं. हरणी दिसायला हडकुळी, पण घरी बादली भरून दूध देणारी. बाजारात मात्र घाबरून पान्हा चोरायची. तिच्या दुधाचा पुरावा होता तो फक्त व्हिडिओ, आणि तो आत अडकलेला.

संगमनेरकडचे आप्पासाहेब गाय बघायला आले होते. त्यांचा गोठा नावाजलेला. पण व्हिडिओ दाखवा, नाहीतर निघतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"मास्तर," बनुबाई म्हणाली, "हिला चांगल्या घरची दावन मिळाली म्हंजी मी मोकळी. न्हाईतर कुनाच्या हाती देऊन जाऊ?"

मी मामांना पासवर्ड विचारला. त्यांनी सांगायला साफ नकार दिला. रुमालाखालचा भाव तिसऱ्याला सांगणं धंद्यात बसत नाही. मी हातापाया पडलो, बनुबाईकडं बोट दाखवलं. शेवटी ते म्हणाले, तोंडानं सांगणार नाही, हात द्या. आणि रुमालाखाली माझी बोटं दाबायला लागले. दोन बोटं, मग मूठ, मग नुसतं करंगळीचं टोक. मला त्यातलं ओ की ठो कळेना. मच्छिंद्र मदतीला येईनात, कारण तेही तिसरेच. मी अंदाजानं आकडे घालत गेलो आणि मशीन नाही म्हणत गेलं. बाहेर आप्पासाहेबांनी गाडीची किल्ली काढली.

"मामा, नक्की कुठला आकडा?" मी जवळजवळ रडत विचारलं.

"कुठला म्हंजी? पैला दिला, त्यानं इंग्रजीत कायतरी लिवलं. न्हाई पटला. वाढवला. मंग त्यानं परत इचारलं."

"परत तोच घालायचा असतो, मामा. खात्रीसाठी दोनदा विचारतं ते."

मामांनी माझ्याकडं अतिशय कीव करून पाहिलं. "परत इचारलं म्हंजी कमी वाटला. त्योच भाव दोनदा सांगून कुनी सौदा करतं व्हय? वाढवत गेलो. शेवटाला त्यानं रुमाल काढला, भाव उगडा दिसाया लागला. म्हंजी पटला. आज सकाळी पुन्यांदा आडला, म्हनून सकाळधरनं वाढवतोच हाय."

मी सुकन्याला फोन लावला, निदान माहेरची समजूत ती काढेल म्हणून. तिनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, की तुमचा जुना पासवर्ड घालून पाहिला का? मी तिला समजावलं की पासवर्ड एकदा बदलला की जुना चालत नसतो, हा कुठल्याही सिस्टीमचा पहिला धडा आहे, आणि मी बारा वर्षं हे शिकवतोय.

"घालून तर बघा," ती म्हणाली.

तिचं मन राखायला घातला. मशीन उघडलं.

मामांचे दोन आकडे एकदाही जुळले नव्हते. मशीननं कंटाळून सौदाच मोडला होता, पासवर्ड होता तोच ठेवला होता, आणि नंतर मामा मोकळ्या खिडकीत नुसतेच आकडे लिहीत बसले होते, म्हणून ते उघडे दिसले होते. शिकवणाऱ्याच्या हे आधी लक्षात यायला हवं होतं, असं कुणी बोललं नाही. सगळे माझ्याकडं बघत मात्र होते.

व्हिडिओ लागला. अंगणात बनुबाई धार काढतेय, बादलीत फेस चढतोय, हरणी शांत रवंथ करतेय. आप्पासाहेबांनी तो दोनदा पाहिला, किल्ली खिशात टाकली आणि मामांच्या रुमालाखाली हात घातला. या दोघांचं मात्र लगेच पटलं. बनुबाईनं दावं आप्पासाहेबांच्या हातात दिलं, हरणीच्या मानेला डोकं लावून रडली आणि डोळे पुसत निघाली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू!

गर्दी पांगल्यावर मामा माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"जावईबापू, फुडच्या शुक्रवारी पन या," ते म्हणाले.

माझी छाती फुगली. मी म्हणालो, येतो की मामा, मच्छिंद्रांना पुढचा धडाच देतो.

"त्या कॉम्प्युटरला हात लावू नका," मामा म्हणाले. "म्हशी धराया मानूस कमी हाय."

तेव्हापासून शुक्रवारी माझा क्लास बंद असतो.