अडीच इंचांची हरकत

विषय : १४, लार्च ॲव्हेन्यू, व्हिटलो येथील गॅरेजचे दार सहा इंचांनी रुंद करण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : श्री. डेस्मंड ओल्डरशॉ (सेवानिवृत्त कारकून, नियोजन विभाग, व्हिटलो कौन्सिल) यांचा ३ एप्रिलचा अर्ज. सोबत चार नकाशे.

उपरोक्त अर्जात जे नमूद केलेलं नाही ते असं की, अर्जदाराची मोटार गॅरेजच्या आत आहे आणि ती बाहेर निघत नाही. ती बंद पडलेली आहे असा कुणाचा समज होईल, तर तसं नाही. गाडी उत्तम चालते. तिला चालायला पुढे दोन फूट आणि मागे दीड फूट जागा आहे, तेवढ्यात ती उत्तम चालते.

हे सगळं सुरू झालं ते नखाएवढ्या गंजापासून. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका रविवारी डेस्मंडची बायको ग्लेनिस गॅरेजमधल्या फ्रीजरमधून मटार काढून आली आणि म्हणाली, "डेस, त्या गाडीला वळसा घालून जाताना माझा तिसरा कार्डिगन फाटला. भंगारात का देत नाहीस ती?"

ती म्हणजे एक लाल, छोटी, फ्रेंच बनावटीची हॅचबॅक. डेस्मंडने ती तरुणपणी घेतली होती आणि गेली एकोणीस वर्षं ती चादरीखाली झोपली होती. डेस्मंड दुखावला.

"चांगली गाडी आहे ती. दाराखाली एवढासा गंज आहे फक्त. तो काढला की झालं."

"मग काढ की," ग्लेनिस म्हणाली.

(ग्लेनिसच्या तोंडी या वाक्याचा अर्थ 'हात लावशील तर बघ' असा होतो. लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी डेस्मंडच्या हे लक्षात आलेलं नव्हतं. एकतीस वर्षं कौन्सिलात काढलेल्या माणसाला लिहिलेलं तेवढंच कळतं.)

त्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन गंज खरवडला. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. तो बाहेर ओढला, तर पत्र्याचा एक बशीएवढा तुकडा त्याच्याबरोबर आला. आतून किती खराब झालंय ते बघावं म्हणून गालिचा उचलला, तर गालिच्याबरोबर गाडीची जमीनही उचलली गेली, आणि त्या भोकातून त्याला गॅरेजची फरशी आणि फार वर्षांपूर्वी हरवलेला एक टेनिसचा चेंडू दिसला. सीटला जमीनच उरली नव्हती, म्हणून सीट काढली. सीट काढल्यावर हीटर एका बाजूला लोंबायला लागला, म्हणून तोही काढला. संध्याकाळी ग्लेनिसने चहाला हाक मारली तेव्हा गाडीचा निम्मा भाग गाडीत होता आणि निम्मा लॉन कापायच्या यंत्रावर.

पुढच्या शनिवारी वेल्डिंग करणारा लेनी ब्रिंडल आला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दातांतून हवा आत ओढली. कुठलाही मिस्त्री काम बघून हवा ओढतोच. तो किती वेळ ओढतो त्यावर आपले किती शनिवार जाणार ते ठरतं. लेनीने ओढायला घेतली ती डेस्मंडचा चहा गार होईपर्यंत ओढत होता.

"मालक," तो शेवटी म्हणाला, "सीट नाही, गालिचा नाही, हीटर नाही, मागचं पॅनेल आत्ता माझ्या हातात आलं. रेसट्रॅकवर न्यायची गाडी करायची म्हणून लोक महिनोन् महिने हेच सामान उपसत बसतात. तुमचं आपसूक झालंय."

तो हे विनोदाने म्हणाला होता. पण डेस्मंड हातातला मग खाली ठेवायचं विसरला.

अकरा वर्षांचा असताना वडील त्याला एकदा चेशरमधल्या रेसट्रॅकवर घेऊन गेले होते. तारेच्या कुंपणाला नाक लावून, हातात अंड्याचं सँडविच धरून तो दिवसभर उभा होता. गाड्या आत होत्या, तो बाहेर होता. पुढे नोकरी लागली, तीही इतरांनी काय बांधायचं याचे कागद पुढे सरकवण्याची. आत काहीतरी घडतंय आणि आपण बाहेरून बघतोय, हा त्याच्या आयुष्याचा एकंदर ढाचाच होऊन बसला. आता त्या ट्रॅकवर वर्षातून काही दिवस साध्या माणसांना स्वतःची गाडी पळवू देतात. हेल्मेट हवं, गाडी तपासणीत उतरायला हवी, बस. डेस्मंड सहासष्ट वर्षांचा होता. त्याला शर्यत नको होती. कुंपणाच्या आतून एक फेरी हवी होती.

पुढे यथावकाश तारीख मिळाली, यंदाची वीस जून. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दंतवैद्य आणि कचऱ्याचा हिरवा डबा यांच्या मधोमध, त्याने ती लाल शाईने लिहिली.

"छान," ग्लेनिस म्हणाली. (याही शब्दाचा अर्थ त्याला माहीत नव्हता.)

त्या ऑक्टोबरपासून दीड वर्ष दर शनिवारी गॅरेजमधून ठिणग्या उडत राहिल्या. जमीन नवी झाली. गाडी उलटली तर डोकं शाबूत राहावं म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसला. वळणावर पकड हवी म्हणून रुंद टायर आले. रुंद टायर बाहेर डोकवायला लागले, म्हणून त्यांच्यावर रुंद मडगार्ड आली, जाड पत्र्याची, गाडीच्या अंगाला वेल्डिंगने कायमची जोडलेली. ती मागून बघताना डेस्मंडला गाडीने छाती फुगवल्यासारखं वाटे. तो स्वतःही थोडी फुगवे.

मार्च अखेरच्या शनिवारी गाडी पहिल्यांदा बाहेर काढायचं ठरलं. सोळा नंबरचे मिस्टर पेटिफर कुंपणाच्या पलीकडे घडीची खुर्ची टाकून बसले होते. हे निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांचं गॅरेज डेस्मंडच्या गॅरेजला जोडून, दोघांत मधला खांब एक. सव्वीस वर्षांचा शेजार, त्यामुळे दोघे एकमेकांना अजून 'मिस्टर' म्हणत. पेटिफर सहसा बाहेर खुर्ची टाकत नाहीत, हे डेस्मंडला तेव्हा विचित्र वाटायला हवं होतं.

डेस्मंड आत बसला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. लेनीने दार उघडलं. गाडी रुबाबात दोन फूट पुढे आली आणि दोन्ही बाजूंनी एकदम 'खट्ट' झालं.

डेस्मंडने ॲक्सिलरेटर थोडा दाबला. खांबाचा एक टवका उडाला. त्याने इंजिन बंद केलं. नंतर जी शांतता पसरली तिला फक्त लार्च ॲव्हेन्यूवरच पसरता येतं.

"हवा बरी आहे आज," पेटिफर म्हणाले.

लेनीने टेप काढून मोजलं. "दार पाच फूट अकरा. गाडी सहा फूट दीड. अडीच इंच, मालक."

"अडीच इंच!" डेस्मंड खिडकीतून ओरडला. (गाडीचं दार उघडायलाही जागा नव्हती.) "तू मडगार्ड बसवलीस! तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. जानेवारीतच."

"मग बोलला का नाहीस?"

"आता काय बोलणार? मला वाटलं तुमचा काहीतरी प्लॅन असेल. तुम्ही शिकलेले, नकाशेवाले. गिऱ्हाइकाला त्याच्याच गॅरेजात काय शिकवायचं!"

"माझ्या लक्षात फेब्रुवारीत आलं," पेटिफर कुंपणापलीकडून अतिशय खेदाने म्हणाले. "मी इकडून काठीने अंदाज घेतला होता, मिस्टर ओल्डरशॉ. पण बोलणं बरं दिसेना."

ग्लेनिस चहाचा ट्रे घेऊन आली. गाडी बघितली, दार बघितलं, साखरेचं भांडं सरळ केलं.

"तुलाही माहीत होतं?" डेस्मंडने विचारलं.

"मटार काढताना दिसायचं ना. म्हटलं, बोलून तुझा उत्साह कशाला घालवा."

"कापून टाक ती मडगार्ड!" डेस्मंड लेनीला म्हणाला.

लेनीने पुन्हा दातांतून हवा ओढली. "कापतो. पण मग गाडीला धरून काय राहणार? मूळ पत्र्यात गंजाशिवाय उरलंय काय? ती या मडगार्डांवर उभी आहे, मालक. ही कापली की तुमच्या दोन गाड्या होतील. एक पुढची, एक मागची."

म्हणजे दार रुंद करायचं. त्याला एका माणसाचं एका दिवसाचं काम. पण लार्च ॲव्हेन्यूवरची घरं १९३४ सालची आणि कौन्सिलच्या जतन यादीतली. तिथे विनापरवाना विटेला हात लावता येत नाही. ही यादी वीस वर्षांपूर्वी झाली. मूळ मसुद्यात फक्त 'घरांचे दर्शनी भाग' एवढंच होतं. 'बागेच्या भिंती, फाटकं आणि गॅरेजची दारंही' हे शब्द एका दक्ष कारकुनाने स्वतःच्या पेनाने वाढवले होते आणि त्याबद्दल साहेबांची शाबासकी मिळवली होती. त्या कारकुनाचं नाव सांगायची गरज नाही. तो या क्षणी खिडकीतून बाहेर पडायचा प्रयत्न करत होता.

अर्ज आठ आठवड्यांत निकालात निघतो. तीन एप्रिलला दिला तर मे संपता संपता परवानगी, जूनच्या पहिल्या आठवड्यात गवंडी, वीसला ट्रॅक. जमत होतं. फक्त मधल्या खांबासाठी पेटिफरची लेखी संमती हवी होती.

डेस्मंड सोमवारी त्यांच्याकडे गेला. चहा झाला, डेलियाच्या कंदांविषयी बोलणं झालं, तो परत आला. मंगळवारी गेला. चहा, वायव्येचा वारा, आल्याच्या बिस्किटांचा तुटवडा, परत आला. "विचारलंस?" ग्लेनिसने विचारलं. "विषय निघाला नाही," तो म्हणाला. बुधवारी तिसरा कप संपवून तो उठला तेव्हा पेटिफर लालबुंद झाले, कपाटाचा खण ओढला आणि एक लिफाफा पुढे केला. आत संमतीपत्र होतं, सहीसकट. तारीख अकरा फेब्रुवारी.

"म्हटलं, लागेल. पण आपणहून देणं म्हणजे..."

"नाही, नाही," डेस्मंड म्हणाला, "बरं दिसलं नसतं."

अर्ज गेला. नियमाप्रमाणे फाटकावर एकवीस दिवस नोटीस लागली. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस थांबून ती वाची आणि डेस्मंड दिसला की हवेविषयी बोले. हरकत घेणारं कुणी दिसेना. घेणार कोण? ज्या रस्त्यावर 'तुमच्या बुटाची नाडी सुटलीय' हे सांगायला माणसं पंधरवडा घेतात, तिथे कौन्सिलला पत्र कोण लिहील? डेस्मंडने गवंडी ठरवला. हेल्मेट आणलं. ते घालून टीव्हीही बघून झाला.

मेच्या अखेरीस तो त्याच्या जुन्या कचेरीत गेला. त्याच्या टेबलावर आता फर्झाना मलिक बसत होती. हुशार मुलगी, तिला काम त्यानेच शिकवलं होतं, आणि आता त्याला त्याचा पश्चात्ताप होणार होता.

"सर, फाइल अगदी नीट आहे," ती म्हणाली. "नकाशे तर दाखवण्यासारखे. पण एक हरकत आलीय."

"एक? कुणाची?"

"नाव नाही सांगता येत. नियम आहे."

"कुणी केला हा नियम?"

फर्झानाने नम्रपणे खाली बघितलं. "तुमचंच परिपत्रक आहे, सर. आणि एक जरी हरकत आली तरी अर्ज समितीपुढे जातो, हेही त्यातच आहे. कलम चार. समिती सप्टेंबरात बसेल."

"सप्टेंबरात! वीस जूनला माझा... अगं, निदान प्रत तरी दाखव!"

नाव-पत्ता काळ्या शाईने झाकून तिने प्रत दाखवली. डेस्मंडला नावाची गरज पडली नाही. हे अक्षर तो अडतीस वर्षं किराणाच्या यादीत वाचत आला होता.

'महाशय,' पत्रात लिहिलं होतं, 'सदर दार आहे तसं फार सुंदर आहे. अर्जदार ताशी चाळीस मैलांच्या वर आयुष्यात एकदाच गेले आहेत. तेव्हा मी शेजारी बसले होते, आणि ते चुकून झालं होतं. सुपरमार्केटच्या आवारात गाडी मागे घेताना त्यांना अजून दोन माणसं हात दाखवायला लागतात. सध्या ते रोज दहा ते पाच गॅरेजमध्ये असतात, सुखी असतात, आणि हाक मारली की ऐकू जाते. कृपया या व्यवस्थेत ढवळाढवळ करू नये.'

घरी आल्यावर तो टोपी न काढता स्वयंपाकघरात गेला. ग्लेनिस मटार निवडत होती.

"तू कौन्सिलला पत्र लिहिलंस."

"लिहिलं."

"दीड वर्ष ठिणग्या उडत होत्या तेव्हा एक शब्द बोलली नाहीस! खांबाला धडकलो तेव्हा बोलली नाहीस! मला, तुझ्या नवऱ्याला, समोरासमोर सांगता आलं नसतं? 'डेस, जाऊ नकोस, मला भीती वाटते,' एवढंच?"

ग्लेनिसने हातातली शेंग खाली ठेवली. तिचे डोळे जरासे भरले असावेत. विचारणं बरं दिसलं नसतं.

"अरे, असं कसं तोंडावर सांगायचं," ती म्हणाली. "तू किती खुशीत होतास. आणि तुला लिहिलेलंच कळतं."

डेस्मंडने टोपी काढली. हरकत मुदतीत होती, मुद्देसूद होती आणि समासही सोडलेला होता. त्याच्या काळात त्याने ती बिनदिक्कत दाखल करून घेतली असती.

वीस जून उजाडला. हवा खरोखरच बरी होती. सकाळी दहा वाजता डेस्मंडने हेल्मेट घातलं, खिडकीतून गाडीत शिरला, पट्टे आवळले, इंजिन सुरू केलं. दोन फूट पुढे गेला. दीड फूट मागे आला. असं काही वेळ चाललं. समोरून पेटिफर कुंपण छाटायची कात्री घेऊन चालले होते. त्यांनी पाहिलं, टोपीला हात लावला आणि पुढे गेले. अकरा वाजता ग्लेनिसने खिडकीतून चहा दिला. हेल्मेटमधून कप तोंडाला लागेना, हे तिला दिसत होतं. ती काही बोलली नाही.

समितीची बैठक सप्टेंबरात आहे. अर्ज प्रलंबित आहे.